दिल्लीच्या टोकाच्या हवेत पाळीव सापाची पेटी : तापमान नियंत्रणाची निवड आणि मांडणी

नवी दिल्ली : कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटच्या दिशेने जाणाऱ्या कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदनाची इमारत आहे. मुंबईहून कामानिमित्त जानेवारीत येथे उतरलेल्या माणसाला पहिल्याच सकाळी आपण आणलेले गरम कपडे अपुरे आहेत हे कळते. तोच माणूस मे महिन्यात आला, तर भर दुपारी सदनाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी दोनदा विचार करतो. दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेने १६ जानेवारी १९३५ रोजी उणे ०.६ अंश सेल्सिअस आणि २९ मे १९४४ रोजी ४७.२ अंश सेल्सिअस अशी दोन टोके नोंदवलेली आहेत. २९ मे २०२४ रोजीही तेथे पारा ४६.८ अंशांवर गेला होता. माणूस अशा हवेत कपडे बदलतो, पंखा लावतो, उठून दुसऱ्या खोलीत जातो. काचेच्या पेटीत ठेवलेल्या सापाला यांपैकी काहीही करता येत नाही. पेटीत जे तापमान असेल, तेच त्याच्या शरीराचे तापमान.

राजधानी परिसरात आणि देशातील इतर महानगरांत बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक हे दोन परदेशी बिनविषारी साप पाळणाऱ्यांची संख्या लहान असली, तरी त्यांना पडणारा प्रश्न सर्वत्र सारखाच आहे. या सापांविषयीची बहुतेक माहिती युरोप-अमेरिकेतील पाळणाऱ्यांनी त्यांच्या घरांसाठी लिहिलेली असते. त्या घरांत खोलीचे तापमान वर्षभर वीस-बावीस अंशांच्या आसपास असते आणि पेटी तापवणे एवढेच काम उरते. दिल्ली, नागपूर किंवा चंद्रपूर येथे हे गृहीतक वर्षातून जेमतेम तीन-चार महिने लागू पडते. उरलेल्या काळात, विशेषतः एप्रिल ते जून, पेटी तापवण्याऐवजी तापू न देणे हे खरे काम असते, आणि त्यासाठी विकत घेतलेल्या कोणत्याही हीटरचा उपयोग नसतो. येथील साप थंडीने जेवढे दगावतात तेवढीच धास्ती उन्हाळ्याचीही धरावी लागते, हे पाळणाऱ्याच्या लक्षात अनेकदा पहिल्या उन्हाळ्यातच येते.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी कायद्याची बाजू स्पष्ट असणे आवश्यक आहे. भारतीय साप घरी पाळता येत नाहीत. नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ यांना पकडणे, बाळगणे किंवा विकणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीला जिवंत नागांची मिरवणूक याच कायद्यामुळे न्यायालयात गेली आणि बंद झाली. परदेशी सापांबाबत २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने स्वेच्छेने माहिती देण्याची योजना आणली. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने, साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असलेल्या प्राण्यांसाठी अधिनियमात स्वतंत्र अनुसूची आली आणि २०२४ च्या नियमांनी ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक झाली. बॉल पायथन या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे तो बाळगणाऱ्याने नोंदणी करायची, तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला, तर तेही कळवायचे. कागदपत्रांविना मिळणारा स्वस्त साप घेऊ नये. पेटीवर केलेला सगळा खर्च अशा सापासोबत जप्तीत जाऊ शकतो.

सापाला उष्णता का लागते

साप स्वतःची उष्णता निर्माण करून शरीर एका ठरावीक तापमानावर राखू शकत नाही. अन्नाचे पचन, रोगप्रतिकार, कात टाकणे, हालचाल ही सर्व कामे तो बाहेरून घेतलेल्या उष्णतेवर चालवतो. निसर्गात तो त्यासाठी जागा बदलतो: उन्हात येतो, दगडाखाली जातो, बिळात शिरतो. बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील साप. उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत त्याचा दिवस जातो. त्या बिळात बाहेरच्या मानाने तापमान फारसे हलत नाही आणि ओलावा टिकून राहतो. या एका गोष्टीवरून त्याची पेटी कशी असावी हे बरेचसे ठरते. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला; त्याला हिवाळ्याची सवय असते आणि तो थोडी थंडी सोसतो.

पेटीचे एक टोक उबदार आणि दुसरे टोक थंड असले पाहिजे, हे या विषयातील सर्वांत महत्त्वाचे तत्त्व होय. बॉल पायथनसाठी उबदार टोकाचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश आणि थंड टोक २५ ते २७ अंश ठेवतात; रात्रीही पेटी २४ अंशांच्या खाली जाऊ देत नाहीत. कॉर्न स्नेकसाठी उबदार टोक २९ ते ३१ आणि थंड टोक २२ ते २५ अंश पुरते. त्याला रात्री वीस अंशही चालतात. दोन्ही टोकांना लपायला जागा असावी लागते. लपण्याची जागा फक्त उबेत ठेवली, तर साप सुरक्षिततेसाठी उबेतच बसून राहतो आणि थंडाव्याची गरज असूनही हलत नाही. संपूर्ण पेटी नेमक्या ३२ अंशांवर ठेवणाऱ्या माणसाने प्रामाणिकपणे मेहनत घेतलेली असते, पण त्या सापाला निवड उरत नाही.

तापमान कमी पडले तर काय होते? खाल्लेला उंदीर पोटात पचण्याऐवजी कुजू लागतो आणि साप तो उलटून टाकतो. अशी उलटी दोन-तीनदा झाली की सापाची प्रकृती ढासळते. बरेच दिवस थंडीत राहिलेल्या सापाला श्वसनमार्गाचा संसर्ग होतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, तोंडात बुडबुडे किंवा चिकट लाळ दिसणे, श्वासाचा शिट्टीसारखा आवाज ही त्याची लक्षणे. उष्णता जास्त झाली तर साप अस्वस्थ होऊन पेटीभर फिरत राहतो, पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास पडून राहतो, आणि आणखी तापला तर त्याच्या मज्जासंस्थेवर परिणाम होऊन मान उलटी वळते. संपूर्ण पेटीचे तापमान पस्तीसच्या वर सरकू लागले, तर वाट पाहण्यात अर्थ नसतो.

आधी थर्मोस्टॅट, मग हीटर

बाजारात मिळणारी हीट मॅट पेटीखाली चिकटवून थेट प्लगला जोडणे हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारा शॉर्टकट आहे. मॅटवर वॅटचा आकडा असतो, तापमानाचा नसतो. काचेखाली, वर भुसा किंवा नारळाच्या काथ्याचा थर असताना, अनियंत्रित मॅट चाळीस-पन्नास अंशांच्या पुढे सहज जाते. पोटाखालून येणाऱ्या तापाची धोक्याची सूचना सापाला वेळेवर मिळत नाही, कारण निसर्गात ऊन वरून येते. तो तापलेल्या जागेवर तसाच पडून राहतो आणि पोटाचे खवले भाजून निघतात. पशुवैद्यकांकडे येणाऱ्या पाळीव सापांच्या जखमांत हे भाजणे नित्याचे आहे. वीज जोडून तापणारे कृत्रिम दगड याच कारणाने टाळावेत.

म्हणून खरेदीचा क्रम उलटा असावा. आधी थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान नियंत्रक, मग दोन विश्वासार्ह तापमापक, आणि शेवटी हीटर. थर्मोस्टॅटचे तीन प्रकार व्यवहारात दिसतात. पहिला, चालू-बंद करणारा. ठरवलेल्या तापमानाला पोहोचला की वीज तोडतो, एखाद-दुसरा अंश खाली आला की पुन्हा जोडतो. कोंबडीची अंडी उबवण्याच्या यंत्रांतील स्वस्त डिजिटल नियंत्रक याच जातीचे असून भारतात बरेच जण तेच वापरतात. हीट मॅटसाठी हा प्रकार पुरतो. दुसरा प्रकार विजेचे लहान-लहान ठोके कमी-अधिक करून देतो; सिरॅमिक हीटरसाठी हा उत्तम, कारण सिरॅमिक बंद झाल्यानंतरही बराच वेळ तापलेले राहते आणि साध्या नियंत्रकात तापमान वर-खाली झोके खाते. तिसरा प्रकार दिव्याची वीज हळूहळू कमी-जास्त करतो. उष्णतेसाठी हॅलोजन दिवा वापरायचा असेल तर हाच लागतो, नाहीतर दिवा दर दोन मिनिटांनी लुकलुकत राहतो आणि लवकर फुटतो.

स्वस्त नियंत्रकाचा एक दोष मात्र जाणून घ्यावा. त्यातील रिलेचे संपर्क काही महिन्यांच्या उघडझापीनंतर एकमेकांना चिकटून बसू शकतात. तसे झाले की पडद्यावर तापमान वाढताना दिसते, यंत्र वीज तोडल्याचे दाखवते, आणि हीटर चालूच राहतो. यावर उपाय साधा आहे: एकामागे एक दोन नियंत्रक जोडावेत. पहिला रोजच्या तापमानावर, दुसरा त्याहून तीन-चार अंश वर लावलेला. पहिला निकामी झाला तर दुसरा वीज तोडतो. शे-दोनशे रुपयांनी वाचवलेल्या नियंत्रकावर हजारोंचा साप सोपवण्यापेक्षा हा खर्च हलका वाटावा.

हीटरची निवड पेटीवर अवलंबून असते. मॅट पृष्ठभाग तापवते, पेटीतील हवा तापवत नाही. सिरॅमिक हीटर हवा तापवतो, प्रकाश देत नाही, म्हणून रात्री चालतो. पण त्याचा स्वतःचा पृष्ठभाग शेकडो अंशांवर जातो, त्यामुळे त्याला चिनी मातीचा होल्डर आणि भोवती जाळीचा पिंजरा अनिवार्य आहे. प्लास्टिकचा होल्डर वितळतो. साप दिव्याला विळखा घालतो, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. पण उबेच्या शोधात तो तेच करतो. छताला लावायचे रेडिएंट पॅनेल सुरक्षित असते, भारतात ते सहज मिळत नाही. पूर्वी साठ वॅटचा पिवळा बल्ब टांगून काम भागवले जाई. एलईडीच्या जमान्यात तसले बल्ब दुकानांतून ओसरले, आणि एलईडी दिव्यातून मिळणारी उष्णता नगण्य असते. शिवाय रात्रभर जळणारा दिवा निशाचर सापाला त्रासदायकच.

अमेरिकेतील नातेवाइकाकडून उपकरण मागवताना विजेचा दाब पाहावा. तिकडे १२० व्होल्ट, इकडे २३०. हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तिकडची मॅट येथे थेट लावली तर ती आपल्या शक्तीच्या साडेतीन पटींहून अधिक तापेल आणि बहुधा पेट घेईल. हाच नियम येथील दाबाच्या चढउतारालाही लागू आहे. २३० ऐवजी २५० व्होल्ट आले तर हीटर सुमारे १८ टक्के जास्त तापतो. दाब २०० वर उतरला तर जवळजवळ २४ टक्के कमी. थर्मोस्टॅट नसलेल्या पेटीचे तापमान म्हणजे त्या दिवशी तारेत आलेल्या विजेची मर्जी.

संवेदक कुठे लावावा

थर्मोस्टॅटचा लहानसा संवेदक ज्या जागी असतो, त्याच जागेचे तापमान यंत्राला कळते. मॅटसाठी तो मॅट आणि काच यांच्या मध्ये, उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने पक्का बसवतात. मग आतल्या पृष्ठभागाचे तापमान मोजून नियंत्रकाचा आकडा कमी-अधिक करतात. नियंत्रकावर ३५ आणि आत ३२ असे निघू शकते, त्यात काही चूक नाही. सिरॅमिक किंवा पॅनेलसाठी संवेदक उबदार टोकाला, सापाच्या पाठीच्या उंचीवर, थेट किरणांच्या थोडा बाजूला टांगतात.

संवेदक पेटीत मोकळा सोडणे धोक्याचे असते. सापाने तो ओढून पाण्याच्या भांड्यात पाडला, तर भिजलेला संवेदक थंड पाण्याचे तापमान सांगत राहतो आणि नियंत्रक, कर्तव्यदक्षपणे, हीटर थांबवतच नाही. पेटी भाजून निघते. म्हणून संवेदकाची तार दोन-तीन ठिकाणी बांधलेली असावी आणि महिन्यातून एकदा ती हाताने ओढून तपासावी.

मोजण्यासाठी काचेला चिकटवायच्या गोल काट्याच्या तापमापकावर विसंबू नये; तो काचेचे तापमान सांगतो, तेही अंदाजाने. डिजिटल तापमापकाचे दोन संवेदक, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला, आणि पृष्ठभाग मोजण्यासाठी इन्फ्रारेड तापमापक असा संच बाळगावा. करोनाकाळात घराघरांत आलेला कपाळावर धरायचा तापमापक येथे उपयोगी नाही. तो माणसाच्या शरीराच्या अरुंद पल्ल्यासाठी जुळवलेला असतो.

साप आणण्यापूर्वी पेटी किमान एक आठवडा रिकामी चालवून पाहावी आणि पहाटे, दुपारी, रात्री आकडे लिहून ठेवावेत. हा सल्ला सर्व पुस्तकांत असतो आणि बहुधा पाळला जात नाही, कारण साप आधी घरी आलेला असतो.

हिवाळ्याचा हिशेब

दिल्लीच्या जानेवारीत न तापवलेल्या खोलीचे तापमान बारा ते पंधरा अंशांवर येते. नव्वद सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद आणि पंचेचाळीस उंच अशी काचेची पेटी घेतली, तर तिचा एकूण पृष्ठभाग सुमारे दोन चौरस मीटर होतो. बाहेर बारा आणि आत सरासरी सत्तावीस अंश राखायचे, तर साध्या काचेतून ढोबळ हिशेबाने शंभर वॅटच्या आसपास उष्णता सतत बाहेर जाते. पंधरा-वीस वॅटची मॅट तेथे काय पुरणार? ती आपल्या जागेपुरती गरम राहते, हवा थंडच असते, आणि साप त्या एका चटईएवढ्या जागेला चिकटून बसतो. मुंबईत, जिथे पारा बारा-तेराच्या खाली क्वचितच जातो आणि खोली त्याहून उबदार असते, तीच मॅट कित्येक वर्षे निभावून नेते. बदली होऊन दिल्लीत आलेल्या माणसाचा पहिला हिवाळा म्हणूनच कठीण जातो.

अधिक वॅटचा हीटर हे एक उत्तर. दुसरे उत्तर स्वस्त आहे. पेटी अठरा मिलिमीटर प्लायवुडची करून फक्त पुढची बाजू काचेची ठेवावी आणि उरलेल्या बाजूंना बाहेरून एक इंच जाडीचे थर्मोकोल लावावे. मग तेवढ्याच तापमानासाठी पंचेचाळीस-पन्नास वॅट पुरतात. दिवसाला २.४ युनिटऐवजी एक-सव्वा युनिट. हवा खेळती राहण्यासाठी दोन्ही टोकांना छिद्रे ठेवायचीच. बंदिस्त पेटीत ओल साचून बुरशी धरते. थर्मोकोल आतून कधीही लावू नये, साप तो कुरतडत नसला तरी त्याच्या फटीत शिरतो आणि हीटरजवळ ते वितळते.

खोलीत ब्लोअर किंवा तेलाचा हीटर लावून पेटीचे भागवणाऱ्यांना रात्री तो बंद केल्यावर काय होते याचा विचार करावा लागतो. कोळशाची शेगडी तर बंद खोलीत माणसाच्याच जिवावर उठते.

ही अडचण घरगुती पेट्यांपुरती नाही. कस्तुरबा गांधी मार्गावरून इंडिया गेट ओलांडून आग्नेयेकडे गेले की मथुरा रस्त्यावर, पुराना किल्ल्याला लागून, राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय आहे. १९५९ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी वेगळे घर आहे, आणि दिल्लीत थंडी वाढली की तेथे हीटर लावल्याचे वृत्त बहुतेक हिवाळ्यांत येते. महाराष्ट्रातही परळच्या हाफकिन संस्थेत सर्पविषावरील औषधासाठी अनेक दशके साप सांभाळले गेले आणि पुण्यात नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले. अशा संस्थांकडे रात्रपाळीचा माणूस असतो. घरात नसतो, आणि त्याची जागा थर्मोस्टॅट घेतो.

उन्हाळा

एप्रिलच्या मध्यापासून हीटरचा थर्मोस्टॅट दिवसभर वीज तोडून बसतो. त्याचा अर्थ सर्व ठीक आहे असा नव्हे. त्याच्या हातात एवढेच होते, असा आहे. गच्चीखालच्या किंवा पश्चिमेकडे भिंत असलेल्या खोलीत मे महिन्यात सायंकाळी ३६ ते ३८ अंश होतात. तेव्हा पेटीचे ‘थंड’ टोकही ३६ अंशांवर असते आणि सापाला जायला जागा नसते.

पहिला उपाय जागेचा. पेटी घरातील सर्वांत आतल्या, उत्तरेकडच्या खोलीत, जमिनीलगत हलवावी. छताजवळ आणि फरशीजवळ तीन-चार अंशांचा फरक सहज असतो. खिडकीतून काही मिनिटे ऊन पडले तरी काचेची पेटी भट्टी होते, त्यामुळे खिडकीची जागा वर्षभरच वर्ज्य.

दुसरा उपाय वाळ्याच्या किंवा गवताच्या पडद्याचा कूलर. तो कधी चालतो आणि कधी नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. पाणी वाफ होताना हवेतील उष्णता घेते. हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त. मे महिन्यात बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता पंधरा टक्के असेल, तर चांगला कूलर खोली सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत आणू शकतो, आणि वाढलेला ओलावा बॉल पायथनला मानवतोही. लूच्या दिवसांत त्याची कात तुकड्या-तुकड्यांनी निघते, ती अखंड निघू लागते. जुलैत पाऊस आला की ३६ अंश आणि पासष्ट टक्के आर्द्रतेत तोच कूलर तीस-एकतीसच्या खाली उतरत नाही, शिवाय पेटी दमट होऊन सापाच्या पोटाला फोड येण्याची भीती. पाऊस सुरू होताच कूलरचे पाणी बंद करून पंखा किंवा वातानुकूलन, हे दिल्लीकरांना ठाऊक असते. पेटीसाठीही तेच लागू.

वातानुकूलन असेल तर अडचण दुसऱ्या बाजूने येते. २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या तारांकित खोली-वातानुकूलन यंत्रांची मूळ मांडणी २४ अंशांवर असते. माणसाला ते ठीक, पण बॉल पायथनच्या पेटीसाठी अख्खी खोली सतत २४ वर असेल तर भर उन्हाळ्यात पुन्हा हीटर चालू ठेवावा लागतो. सव्वीस-सत्तावीस अंशांवर यंत्र ठेवले तर विजेचे बिलही उतरते आणि पेटीचे थंड टोक आपोआप जुळते. थंड झोत थेट पेटीवर येऊ देऊ नये.

वातानुकूलन नसेल तर? पेटीत ओल्या शेवाळ्याने भरलेली मातीची कुंडी उलटी ठेवून लपण्याची जागा करावी. माठातील पाणी ज्या कारणाने गार राहते त्याच कारणाने ती तीन-चार अंश थंड राहते. गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेर, थंड टोकाच्या काचेला टेकवून ठेवता येते. बर्फ सापाच्या अंगाला लागू देऊ नये, आणि तापलेल्या सापाला एकदम थंड पाण्यात सोडू नये. साध्या तापमानाच्या उथळ पाण्यात ठेवून त्याला हळूहळू उतरू द्यावे व सर्पचिकित्सेचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला गाठावे. तरीही वरच्या मजल्यावर, वातानुकूलनाविना, दिल्लीत बॉल पायथन पाळण्याचा बेत असेल तर तो सोडून द्यावा हे बरे.

वीज गेली तर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगवेगळी घाई असते. पंचेचाळीस वॅटचा हीटर घरच्या इन्व्हर्टरवर कित्येक तास चालतो, आणि थर्मोकोल लावलेली पेटी दोन-तीन तास तशीही उबदार राहते. आत खापरीची फरशी किंवा बाहेरून पाण्याच्या भरलेल्या बाटल्या असतील तर आणखी थोडी. उन्हाळ्यात वातानुकूलन मात्र साध्या इन्व्हर्टरवर चालत नाही. ठरावीक तापमानाला भ्रमणध्वनीवर इशारा पाठवणारे तापमापक आता हजार-दीड हजार रुपयांत मिळतात. त्यातला वायफाय राउटरही इन्व्हर्टरवर असेल याची खात्री करावी, नाहीतर वीज गेलेल्या क्षणीच इशाराही जातो.

राहिला बंद घराचा प्रश्न. मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत दिल्लीतील मराठी कुटुंबे महिना-पंधरा दिवस महाराष्ट्रात जातात. पूर्ण वाढलेला निरोगी बॉल पायथन तीन आठवडे न खाता सहज राहतो, त्यामुळे त्याची व्यवस्था करण्याची गरज अनेकांना वाटत नाही. मात्र बंद सदनिकेत, पंखे आणि वातानुकूलन थांबलेले असताना, एक दुपारही त्याला जड जाते. अशा वेळी पेटी वातानुकूलित खोली असलेल्या परिचिताच्या घरी हलवावी, सोबत नोंदणीच्या कागदाची प्रत, दोन्ही टोकांचे अपेक्षित आकडे लिहिलेला कागद आणि पशुवैद्याचा दूरध्वनी द्यावा. हलवल्यानंतर नव्या जागी तापमान पुन्हा दोन दिवस मोजावे, कारण शेजारच्या घराची भिंत पश्चिमेला असू शकते.